इंजिन बंद करण्याआधी

ते साल एकोणीसशे सत्त्याण्णव. फेब्रुवारीतला, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातला शनिवार होता, ऊन रणरणत होतं आणि मी सिंकपाशी बटाटे सोलत उभी होते. सिंकसमोरच्या खिडकीतून फाटकापासून गॅरेजपर्यंतचा सिमेंटचा पट्टा दिसतो. गॅरेजचं पत्र्याचं शटर वर गेल्याचा आवाज आला. त्यात विशेष काही नव्हतं. मर्विन, माझा नवरा, शनिवारी गॅरेजमध्येच असायचा. पण थोड्या वेळाने तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात माझा जुना फुलाफुलांचा पलंगपोस होता. त्याने तो झटकला, धुळीचा लोट उठला. मग एक कड हनुवटीखाली दाबून धरून त्याने त्याची नीट घडी घातली आणि धुवायच्या कपड्यांच्या टोपलीवर ठेवून दिली. माझ्या हातातली सुरी थांबली. तीन वर्षं तो पलंगपोस आमच्या मुलाच्या, डेमियनच्या गाडीवर होता. मीच घातला होता, डेमियन घर सोडून गेला त्या आठवड्यात. नुसती उघडी गाडी मला बघवत नव्हती. आणि आता कुणीतरी झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढून घ्यावं तसं मला वाटलं. मी बटाटे तसेच टाकून बाहेर जायला हवं होतं. गेले नाही. आमच्या घरात कुणी काही करायला लागलं तर लगेच जाऊन विचारायची पद्धत नव्हती. विचारलं की मर्विन काम सोडून द्यायचा, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

दुपारी जेवताना त्यानेच विषय काढला, म्हणजे काढला नाही असं दाखवत काढला. "तुझा तो केकचा साचा कुठे असतो? बारा खळग्यांचा?"

"कशाला?"

"नटबोल्ट ठेवायला."

"माझ्या साच्यात?"

"कुठला बोल्ट कुठला ते विसरायला होतं. वय झालं."

"गाडी विकतोयस का, मर्विन?"

"मी म्हटलं का विकतोय?" असं म्हणून त्याने सँडविचचा एवढा मोठा घास घेतला की पुढे बोलायची सोयच राहू नये. पण मला पुरेसं कळलं होतं. भंगारात द्यायच्या गाडीचे बोल्ट कुणी खळग्याखळग्यांतून मांडून ठेवत नाही. मी साचा काढून दिला. तो मला पुन्हा कधी मिळाला नाही. म्हणजे मिळाला, पण त्यात केक करावेसे वाटले नाहीत.

ती गाडी जपानी होती, लाल, ठेंगणी, टर्बोची. मर्विनने उमेदीची सगळी वर्षं आमच्या अ‍ॅडलेडच्या उत्तरेकडच्या मोटारींच्या कारखान्यात, इंजिनं जुळवायच्या विभागात काढली होती. आमच्या गल्लीतले बहुतेक पुरुष त्याच कारखान्यात होते आणि सगळ्यांच्या दारात एकाच कारखान्याच्या गाड्या होत्या, आपल्या हातच्या. मर्विन म्हणायचा, माझ्या फाटकातून जपानी गाडी आत येणार नाही. डेमियनने एकविसाव्या वर्षी ती आणली, फाटकातून आत आणली, आणि मर्विन बागेला पाणी घालत होता तो घालत राहिला. फक्त नळीचं तोंड जरा फिरवलं, गाडीवर शिंतोडे उडावेत इतपत. दोघेही हसले होते तेव्हा. मला ते हसणं अजून आठवतं, कारण त्या दोघांचं एकत्र हसणं फार झालं नाही.

मग संध्याकाळी एक नवीनच गोष्ट सुरू झाली. डेमियन कामावरून यायचा, गाडी त्या सिमेंटच्या पट्ट्यावर उभी करायचा, दिवे मालवायचा आणि आत बसून राहायचा. इंजिन चालूच. मंद, घशातल्या घशात गुरगुरल्यासारखा आवाज. मी खिडकीत, हातात त्याचं ताट. मला त्याचा चेहरा दिसायचा नाही, नुसती मान आणि स्टिअरिंगच्या चाकावर टेकलेले हात दिसायचे. आत मर्विन टीव्हीसमोर. मला वाटायचं, पोरगा घरात यायला धीर गोळा करतोय. दाराच्या आत पाऊल टाकलं की बाप काहीतरी बोलणार, त्याच्या केसांवरून, नाहीतर त्याच्या नोकरीवरून, नाहीतर त्याच गाडीवरून. त्याच्या आधीची ही त्याची जागा. मग इंजिन बंद व्हायचं, दार आपटायचं आणि तो आत येऊन विचारायचा, "काय केलंयस, आई?" अगदी साधेपणाने. आणि मी म्हणायचे, "गार होतंय, बस."

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात डेमियन मित्रांबरोबर मित्राच्या व्हॅनमधून समुद्रावर गेला होता. मर्विनच्या गाडीचा क्लच गेलेला. तो आठवडाभर मुलाची गाडी वापरत होता, आधी नाक मुरडत, मग न मुरडता. एका दुपारी आम्ही दोघं डोंगरावरच्या मळ्यांत चेरी आणायला गेलो. माझ्या मांडीवर चेरींची पेटी, खिडक्या उघड्या, आणि मर्विनने त्या चढावर गाडी अशी काही सोडली की माझी टोपी मागच्या सीटवर गेली. "काय गं, पळतेय की नाही म्हातारी?" तो ओरडला. इतका खूश मी त्याला किती तरी दिवसांत पाहिला नव्हता. तसेच तापलेले खाली उतरलो, घरी आलो, आणि त्याने पट्ट्यावर गाडी थांबवता थांबवता किल्ली फिरवली. खट्. एकदम शांत. "पोचलो," म्हणाला आणि किल्ल्या हवेत उडवून झेलल्या. ती शांतता तेव्हा मला गोड वाटली होती. बोनेटखालून नुसता टिक टिक असा तापल्या लोखंडाचा आवाज येत होता आणि माझी बोटं चेरींनी लाल झाली होती.

डेमियन परत आला आणि दुसऱ्याच दिवशी हमरस्त्यावर गाडी किंचाळली. किंचाळली हा त्याचा शब्द. मग निळा धूर, मग काहीच नाही. दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली. त्या संध्याकाळी तो बापासमोर उभा राहून काय काय बोलला ते सगळं मला आता सांगता येणार नाही, पण टर्बो म्हणजे काय हे मला त्या भांडणातून कळलं. मुठीएवढा पंखा. इंजिनातून बाहेर पडणारा जळका धूर त्याला फिरवतो आणि तो इंजिनाला जास्तीची हवा भरवतो. गाडी जोरात पळवून आणली की तो लालबुंद तापलेला असतो, वेड्यासारखा फिरत असतो, आणि त्याला सांभाळायला असतं फक्त त्याच्या आसाभोवती वाहणारं तेल. इंजिन फटकन बंद केलं की तेल थांबतं. आत अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो, आस झिजतो, पाती मोडतात, आणि मोडलेले तुकडे इंजिन गिळतं. "दोन मिनिटं थांबायचं होतं, डॅड! घरी आल्यावर दोन मिनिटं चालू ठेवायचं, मग बंद! एवढंच!"

"मी जन्मभर इंजिनं बनवली," मर्विन म्हणाला. "गाडी म्हणजे काय राणी आहे, उतरताना तिची परवानगी घ्यायला? तो टर्बो आधीच संपलेला होता. मी नसतो तरी मोडला असता."

"पण तू होतास."

"जपानी कचरा आणायचा आणि वर बापाला शिकवायचं."

मी दोघांच्या मध्ये उभी होते, हातात फडकं होतं, आणि अशा वेळी माझ्या मनात जे आलं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. मला हलकं वाटलं. म्हणजे तो त्यासाठी बसायचा! घराला घाबरून नाही, बापाला टाळून नाही. पंखा निवावा म्हणून. भांडण चालू होतं आणि मी जवळजवळ हसत होते. रात्री अंथरुणात मात्र आठवलं, की कधी कधी तो दोन मिनिटांपेक्षा बराच जास्त बसायचा.

त्या महिन्यातच तो पश्चिमेला गेला, लोखंडाच्या खाणीत, आमच्यापासून जवळजवळ एका समुद्राएवढं वाळवंट पार करून. दर रविवारी संध्याकाळी फोन यायचा. मर्विन उचलायचा तेव्हा म्हणायचा, "हं. देतो तुझ्या आईला." तीन वर्षं तेवढंच. पण एक सांगते, रविवारी संध्याकाळी फोनजवळच्या खुर्चीत मर्विनच बसलेला असायचा.

शेजारचा कोझिमो इटलीहून आलेला. भाजीचा धंदा, परसात अंजिराची झाडं, आणि गॅरेजमध्ये जगातलं कुठलंही अवजार. इंजिन उचलायची चाकांवरची क्रेन त्याचीच. त्याच्याच भाजीच्या ट्रकमधून मर्विनने दुसरं इंजिन आणलं, निळ्या ताडपत्रीत गुंडाळून. बंदरापलीकडच्या एका भंगारवाल्याकडे जपानमधून अर्ध्या कापलेल्या गाड्या यायच्या, नुसती तोंडं, आत इंजिन जसंच्या तसं. तिथे मर्विन गेला. मर्विन! मी पट्ट्यावर उभी राहून पाहिलं, त्याने ताडपत्री बाजूला केली आणि इंजिनावरच्या एका कागदी चिठ्ठीवरची धूळ अंगठ्याने पुसली. उभी उभी जपानी अक्षरं होती. तो ती बघत राहिला, जणू जरा नीट पाहिलं तर वाचता येतील.

"काय लिहिलंय रे?" कोझिमोने विचारलं.

"लिहिलंय, इटालियन माणसाला हात लावू देऊ नये."

"मग उचल एकटा. सिन्योरा, याला सांगा, माझी क्रेन सोमवारी टोमॅटोला लागणार आहे."

"टोमॅटोला क्रेन कशाला?" मी म्हटलं.

"माझ्या बायकोचं पातेलं तुम्ही पाहिलं नाहीत."

मार्चचे पहिले शनिवार-रविवार असे गेले. पलीकडे कोझिमोच्या घरी वर्षाचा टोमॅटोचा रस्सा शिजत होता, इकडे गॅरेजमध्ये जुनं तेल पडत होतं, आणि दोन्ही वास आमच्या स्वयंपाकघरात येऊन एक होत होते. रेडिओवर फुटबॉल लागलेला. मी चहा घेऊन जायचे आणि जरा रेंगाळायचे. कधी रेडिएटर भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा, कधी नळ्यांचा गुंता, आणि प्रत्येक नळीला मर्विनने पांढरी पट्टी चिकटवून नंबर घातलेला. माझ्या केकच्या साच्यातले खळगे एकेक करून भरत गेले. जुनं इंजिन साखळीला लटकून वर आलं तेव्हा गाडीचं नाक एकदम उंच झालं, ओझं उतरल्यासारखं. इंजिन हवेत हळूहळू फिरत होतं, त्यातून काळे थेंब पडत होते. मर्विनने त्याला हात लावून ते थांबवलं. हात तसाच ठेवला. कोझिमोने तेव्हा पहिल्यांदाच विनोद केला नाही.

मग त्याने मोडलेला टर्बो सोडवून घेतला आणि बाकावर नेऊन उघडला. मी चहाचे कप उचलायला गेले होते. पंख्याची पाती चावल्यासारखी झाली होती आणि आसावर काळा, कडक थर होता, तव्यावर करपून धरतो तसा. मर्विनने तो नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी कपांकडे पाहिलं.

"जुना असणारच हा थर," मी म्हटलं.

"काही जुना," तो म्हणाला. "काही नाही."

नवीन इंजिन आत बसवणं हे काढण्याहून अवघड निघालं. गिअरबॉक्सचा दांडा क्लचच्या भोकात जायला हवा आणि तो केसाइतका चुकत होता. दोघं म्हातारे दोन बाजूंनी इंजिन हलवत होते, ढकलत होते, शिव्या देत होते. एक इंग्रजीत, एक इटालियनमध्ये. "जरा प्रेमाने!" कोझिमो ओरडत होता. "लग्नाच्या दिवशी असाच ढकलत होतास का?" मी तिथून निघून आले. मागून एकदम मऊसा आवाज आला, ड्रॉवर बंद झाल्यासारखा, आणि दोघांचं हसणं. सिंकपाशी येऊन मी उगाचच नळ सोडला.

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी सगळं जागेवर होतं. बॅटरी जोडलेली, इंजिनात नवं तेल भरलेलं, साच्यात एकही बोल्ट उरला नव्हता. कोझिमो वाइनची बाटली घेऊन आला. "चल, किल्ली फिरव."

"नाही," मर्विन म्हणाला. "टर्बो कोरडा आहे. हे इंजिन कित्येक महिने पडून होतं. असंच सुरू केलं तर तेल पोचायच्या आत पहिल्याच मिनिटात आस खरवडून निघेल."

"मग तेल पोचव."

"कसं पोचवायचं ते बघायला हवं."

"भंगारवाल्याला फोन कर. आत्ता."

"रविवारी विचारतो."

"रविवारी भंगारवाला बंद असतो, अरे वेड्या!"

मर्विन हात पुसत राहिला. मी तिथेच उभी होते आणि मला उघड्या बोनेटखाली दिसत होतं, की इंजिनाला ठिणगी पुरवणारी तार त्याने आधीच काढून नीट बाजूला गुंडाळून ठेवली होती. टर्बोच्या तेलाची बारीक नळीही सुटी करून ठेवलेली, शेजारी तेलाची कुपी आणि नरसाळं. या सगळ्याचा उपयोग काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. रविवारी झालं.

फोन वाजला. मर्विनने उचलला. मी सोफ्यावर विणत बसले होते आणि सवयीने सुया खाली ठेवून उठायला लागले.

"हं," तो म्हणाला. मग थांबला. मी अर्धवट उठलेली. "टर्बोला आधी तेल कसं पोचवायचं?"

मर्विनने फोन दुसऱ्या कानाला लावला. त्याच्या मानेवर घाम आला होता, मला दिसत होता.

"तुझ्याच," तो म्हणाला. "दुसरं इंजिन टाकलंय. ... हो, बसवलं. ... मी आणि कोझिमो. ... नाही, अजून नाही केलं."

मग तो बराच वेळ ऐकत राहिला. मधेमधे "हं", "बरं", "ठिणगीची तार काढायची, हं", "नळीतून तेल ओतायचं", "तेलाचा दिवा विझेपर्यंत नुसतंच फिरवायचं, बरं." अगदी पहिल्यांदाच ऐकतोय असा. एकदा त्याने माझ्याकडे पाहिलं. ती तार गुंडाळून ठेवलेली मी पाहिली होती, आणि मी पाहिली होती हे त्याला माहीत होतं. मी खाली बसले आणि सुया उचलल्या. मग तो म्हणाला, "थांबतो ना. ... हो. ... नाही, किल्लीला हात नाही लावत. तू येईपर्यंत थांबतो." आणि मग, जणू काही झालंच नाही, "देतो तुझ्या आईला."

डेमियन म्हणाला, ईस्टरला येतो. मी म्हटलं, ये.

ईस्टरपर्यंत मर्विन रोज गॅरेजमध्ये जायचा. शटर वर करायचा, गाडी पुसायचा, ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसायचा. किल्ली लावलेलीच होती. मी खिडकीतून बघायचे. आता चाकावर टेकलेले हात त्याचे होते. ज्याला एकदा दोन मिनिटं थांबता आलं नव्हतं तो सगळं तयार ठेवून दिवसचे दिवस थांबला होता, आणि मला भीती वाटत होती, की डेमियन आलाच नाही तर हा असाच बसून राहील. कोझिमो कुंपणावरून ओरडायचा, "निघालास की पोचलास?"

डेमियन गुड फ्रायडेच्या सकाळी आला. उन्हाने रापलेला, रुंद झालेला, माझ्या ओळखीचा आणि नसलेला. मला मिठी मारली. मर्विनशी हात मिळवला. मग दोघं गॅरेजमध्ये गेले. मी माशांना पीठ लावत होते. इंजिन नुसतंच फिरवल्याचा कोरडा आवाज आला, पुन्हा आला, पुन्हा. "दिवा विझला!" मर्विनचा आवाज. आणि मग ते सुरू झालं, आधी खोकत, मग तीच ओळखीची गुरगुर, माझ्या काचेच्या तावदानापर्यंत. माझे हात पिठाने भरलेले होते म्हणून मी कानांवर ठेवले नाहीत, एवढंच.

दोघं डोंगराकडे गेले. परत यायला बराच उशीर झाला; मासे तळून गार झाले. मग गाडी पट्ट्यावर आली आणि उभी राहिली. डेमियन चाकावर, मर्विन शेजारी. इंजिन चालू. मला चेहरे दिसत नव्हते, दोन माना दिसत होत्या, आणि एका मानेवरचे केस पांढरे. ओठ हलतात की नाही तेही कळत नव्हतं. दोन मिनिटं झाली असतील. मग आणखी झाली. मग इंजिन बंद झालं आणि मी ताटं उचलली. पण दारं उघडली नाहीत. ते दोघं त्या शांततेत तसेच बसून राहिले, तापल्या लोखंडाची टिक टिक ऐकत असतील, आणि मी दोन ताटं हातात धरून उभी होते आणि मला कुठलीच घाई नव्हती.

कोझिमो पुढे मुलीकडे राहायला गेला. जाताना क्रेन मर्विनला देऊन गेला. त्याच्या जागी आता एक तरुण जोडपं आहे, अंजिराची झाडं त्यांनी ठेवली आहेत. तो कारखाना बंद झाला, पण ते पाहायला मर्विन नव्हता, हे एका अर्थी बरं. डेमियन खाणीतच राहिला, तिकडेच लग्न केलं, दोन मुली झाल्या; ईस्टरला मात्र न चुकता यायचा, आणि आता माझ्या म्हातारपणी महिन्यातून एकदा येतो. लाल गाडी इथेच, गॅरेजमध्ये राहिली. मर्विन तिला आठवड्यातून एकदा फिरवून आणायचा आणि पट्ट्यावर येऊन बसून राहायचा. शेजारीपाजारी हसायचे.

मर्विन दोन हजार आठच्या हिवाळ्यात गेला. स्मशानभूमीतून डेमियनने मला त्याच गाडीतून घरी आणलं. मी शेजारच्या सीटवर होते, मर्विन बसला होता तिथे. घरात लोक चहाला थांबले होते, पडद्यामागे त्यांची हालचाल दिसत होती. माझा हात दाराच्या कडीकडे गेला. इंजिन चालू होतं. मी हात मागे घेतला. ज्या खिडकीतून मी इतकी वर्षं इकडे पाहिलं होतं ती मला पहिल्यांदाच इथून दिसत होती, आणि तिच्यात कुणी नव्हतं.

"त्या ईस्टरला काय बोललात रे तुम्ही दोघं इथे बसून?" मी विचारलं.

डेमियन समोर बघत राहिला. "काही नाही गं. डॅडने विचारलं, आता बंद केलं तर चालेल का? मी म्हटलं, थांब जरा. मग थोड्या वेळाने परत विचारलं."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, अजून जरा."

आम्ही बसून राहिलो. पडद्यामागून कुणीतरी डोकावून गेलं. चहा गार होत असणार. मग मीच म्हटलं, "आता कर बंद."